शेवटच्या गाण्याच्या तारा

धाकटा गेला आणि पुढच्याच आठवड्यात बाबांनी त्याची गिटार सुरात लावली. आम्ही कुणी त्यांना अडवलं नाही. त्यात अडवण्यासारखं काही आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

बाबा पियानो लावतात. म्हणजे वाजवत नाहीत, लोकांच्या घरी, शाळांत, सभागृहांत जाऊन तारा घट्ट-सैल करून देतात. बेसूर काही कानावर पडलं की त्यांना जेवण जात नाही. आणि अशा माणसाच्या पोटी आमचा धाकटा! त्याच्या बँडचं संगीत डेथ मेटल, तेही मुद्दाम बेसूर. गायक घशातून गुरगुरायचा, ड्रम अंगावर यायचे, आणि त्या सगळ्यावर धाकट्याची गिटार धुक्यासारखी पसरलेली, एका सुराचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, दिवसभर ड्रिलचा आवाज ऐकते. मी त्याला म्हणायचे, तुझ्यापेक्षा आमचं मशीन गोड गातं. तो खूश व्हायचा. बाबा मात्र तोंड वाकडं करायचे. "मला चिडवायला तारा अशा लावतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर "बाबा, त्या बरोबरच लागल्यात" एवढंच धाकटा बोलायचा.

खरं तर आमच्या घरातही एक पियानो आहे, आत आलं की दाराशीच. कुणीतरी भंगारात काढत होतं म्हणून बाबांनी तो आणला आणि मग त्याला कधी हात लावला नाही. दिव्याखाली अंधार. आई मागे लागायची, तर म्हणायचे, "दिवसभर लोकांचे लावतो, घरी तरी माझ्या कानांना सुट्टी दे." धाकटा शाळेतून आला की दप्तर त्या उघड्या पट्ट्यांवर फेकायचा. धाडकन आवाज व्हायचा आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आला वाटतं! हात धू आधी!" पुढे दप्तर जाऊन तालमीची जाडजूड बॅग आली. आवाज तोच राहिला, आईचं ओरडणंही तेच राहिलं.

त्या संध्याकाळीही बॅग पडली. आईनं हात धुवायला सांगितलं. तो बूट काढायला वाकला आणि उठलाच नाही. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले.

मला रडू आलं नाही. दाढ काढण्याआधी सुई टोचली की गाल आपला राहत नाही. पेशंट पाणी पितो, ते हनुवटीवरून ओघळतं आणि त्याला पत्ता नसतो. माझं तसं झालं होतं. मी कामावर जायचे, लोकांची तोंडं उघडी धरायचे, घरी यायचे. आई घासलेली भांडी पुन्हा घासायची. कुणीतरी पियानोचं झाकण लावून टाकलं होतं. आणि बाबांनी एका दुपारी गिटार मांडीवर घेतली, ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून कानाशी धरला आणि एकेक तार जागेवर आणली. मग फडक्यानं पुसून गिटार परत खिळ्याला टांगली. झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करावं, तसं केलं त्यांनी ते. मी दारात उभी राहून पाहिलं आणि चहा टाकायला गेले.

मग ड्रमवाला आला. धाकट्याचा शाळेपासूनचा दोस्त, इतका उंच की आमच्या दारातून वाकून येतो.

"काका, अल्बम झालाय," तो म्हणाला. "शेवटचं गाणं तेवढं राहिलंय. ड्रम झालेत, आवाज झालाय, फक्त गिटार नाही. बोटं कुठे ठेवायची ते आमच्या गायकाला पाठ आहे, तो वाजवेल. पण तारा धाकटा प्रत्येक गाण्याला वेगळ्या लावायचा आणि या गाण्याच्या कुणाला सांगितल्या नाहीत. म्हणायचा, झाल्यावर सांगतो. तेवढी त्याची गिटार द्या. तो ठेवून गेला तशीच."

बाबांनी गिटार आणून दिली. ड्रमवाल्यानं तारांवरून अंगठा फिरवला. स्वच्छ, सुरेल आवाज आला. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"काका, तुम्ही लावलीत का हो?"

"बिघडली होती," बाबा म्हणाले. आणि मग त्यांना कळलं.

करायला गेले एक, झालं भलतंच. ड्रमवाला भला मुलगा. म्हणाला, "जाऊ द्या काका, ते गाणं गाळू."

"गाळायचं नाही," बाबा म्हणाले. "मी पुसलंय, मीच लावून देईन."

तालमीत मोबाइलवर केलेलं एक रेकॉर्डिंग होतं. गाणं संपताना धाकटा सगळ्या तारा एकदाच छेडतो आणि तो आवाज कितीतरी वेळ घुमत राहतो. बाबा कानाला हेडफोन लावून तेवढंच ऐकत बसायचे. दोन तारा जवळजवळ जुळल्या पण पुरत्या जुळल्या नाहीत, की आवाज हेलकावे खातो. बाबांचा जन्म हे हेलकावे घालवण्यात गेला. आता त्यांना तेच शोधून परत आणायचे होते. पण रेकॉर्डिंगमध्ये सगळा चिखल, त्यातून तार वेगळी निघेना. लावायचे, ऐकायचे, मान हलवायचे, सोडायचे. दाढी वाढली, कामं परत गेली.

"माझ्यावरच्या रागानं केलंय गं हे," एकदा हेडफोन काढून ते मला म्हणाले. "मी जे जे काढून टाकतो, ते ते वेचून त्यानं यात भरलंय."

मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले. आई बाजारात गेली होती. मी नेहमीसारखी माझी बॅग दाराशी, पियानोच्या झाकणावर टाकली. पण झाकण उघडं होतं. गिटारीपुढे हात टेकून बाबा घरचा पियानो लावायला बसले होते, निदान हा तरी जमेल म्हणून. तारा ताणायची किल्ली पहिल्या पिनेवर बसवलेली, पिळायची तेवढी राहिली होती.

धाडकन आवाज झाला.

बाबांचा हात किल्लीवर तसाच राहिला. "काय टाकलंस?"

"बॅग. झाकण उघडं असेल हे मला काय माहीत!"

"उचल. परत टाक. तिथंच."

मी परत टाकली. त्यांनी हेडफोनचा एक कान लावला, दुसरा मोकळा ठेवला. "परत," म्हणाले. मग बॅग बाजूला सारून त्यांनी तिच्याखालच्या पट्ट्या एकेक करून दाबल्या, आणि प्रत्येक पट्टीशी गिटारची एकेक तार जुळवत गेले. पियानोच्या एका पट्टीला तीन-तीन तारा असतात. आमच्या पियानोत त्यांचं आपसात कधीच फाटलेलं होतं. तो हेलकावा धाकट्यानं दोन तारांत जसाच्या तसा धरला होता. सगळं जुळल्यावर बाबांनी गिटार एकदाच छेडली. बॅग पडल्याचा आवाज आला.

"रागानं नाही केलं," बाबा म्हणाले. त्यांनी पियानोवरची किल्ली काढून खिशात टाकली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन पाठमोरे बसले. त्यांचे खांदे हलत होते. मी उभी होते. मला अजूनही काही होत नव्हतं, आणि त्याची मला लाज वाटली.

आईला आम्ही यातलं काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

अल्बम पुरा झाला तेव्हा ड्रमवाला मोठे स्पीकर घेऊन घरी आला. "तुमचं चालू द्या, मला त्यातलं काही कळत नाही," म्हणून आई आत भांड्यांकडे गेली. आम्ही तिघं बसून ऐकत राहिलो. एकेक गाणं जड, संथ, अंधारात सामान ओढत नेल्यासारखं. शेवटच्या गाण्यात गायक गुरगुरून गप्प झाला, ड्रम थांबले, आणि सगळ्या तारा एकदाच वाजल्या.

"आला वाटतं!" आतून आई ओरडली. "हात धू आधी!"

ड्रमवाल्यानं दाराकडे पाहिलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. आवाज हेलकावे खात विरत होता. आत भांड्यांचा आवाज थांबला, मग नळ बंद झाला. सुईचा असर उतरताना आधी मुंग्या येतील आणि मग दुखेल, असं आम्ही पेशंटला सांगतो. माझ्या ओठांना मुंग्या आल्या.

आई ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"तेवढंच परत लाव," ती ड्रमवाल्याला म्हणाली. "शेवटचं."