बिनकॅडमियमचा सांधा

पूर्णिमा आजऱ्याहून माळेवाडीला सून म्हणून आली तेव्हा तिला चांदीकामातलं ओ की ठो कळत नव्हतं. माहेरी काजूगर सोलणारे हात वर्षभरात पैंजणाच्या कड्या जुळवायला सरावले. हुपरीच्या पलीकडच्या या गावात घरोघरी हेच काम. पुढच्या सोप्यात तिचा नवरा कृष्णात चांदीची तार ओढायचा आणि मागच्या खोलीत ती आणि तिची सासू कड्यांना डाग द्यायच्या. दोन टोकांचा सांधा धरून ठेवणाऱ्या धातूला कारागीर डाग म्हणतात. ज्योत लागली की तो वितळून सांध्यात उतरतो. लवकर वितळावा म्हणून त्यात कॅडमियम मिसळलेलं असायचं, आणि वितळताना त्याचा धूर निघायचा. वाऱ्यानं ज्योत हलते म्हणून खिडकी कायम लावलेली.

पहिल्या खेपेला पूर्णिमा आठव्या महिन्यापर्यंत त्या ज्योतीसमोर बसली. बाळ पोटातच वाढेनासं झालं आणि एक दिवस हलायचं थांबलं. कोल्हापूरच्या दवाखान्यात तिनं ते एकदाच पाहिलं. नखं आली होती, भुवया आल्या होत्या, पण अंगावर मांस म्हणून नव्हतं.

गावाला याचं फारसं नवल वाटलं नाही. या गल्लीत मुलं लहानखुरीच जन्मायची, काही तर जगायचीही नाहीत. सुनांच्या अंगातच ताकद नाही, असं सगळे धरून चालले होते. सासूला अख्खं गाव आक्का म्हणे. आक्कानं पूर्णिमाला तोंडावर सांगितलं की तू ग्रहण पाळलं नाहीस आणि पपई खाल्लीस. पूर्णिमानं पपई खाल्ली नव्हती. पण रोज कुणी ना कुणी तेच बोललं की माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतं. तीही लागली.

त्याच दवाखान्यात तिला अनुजा भेटली होती. अनुजा कोडोलीची. कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत ती संशोधन करत होती, आणि चांदीकामाच्या गावांतून आलेल्या बाळंतिणींची वार, म्हणजे पोटात नाळेतून बाळाला पोसणारी गादी, तपासायची परवानगी मागत होती. बाळ गेलेल्या बाईपुढं हे मागताना तिचा आवाज अडखळला. पूर्णिमानं होकार दिला, पण एका अटीवर. जे काय निघेल ते मला येऊन सांगायचं. माझ्या सासूला न्हाय, डॉक्टरला न्हाय, मला.

अनुजानं शब्द पाळला. पुढच्या वर्षी ऊस तुटायला लागले होते त्या दिवसांत ती माळेवाडीला आली. तेव्हा पूर्णिमाला नुकतेच पुन्हा दिवस गेले होते आणि तिनं ते कृष्णातशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं.

अनुजा, पूर्णिमा आणि कृष्णात सोप्यात बसली. अनुजानं आधीच सांगून टाकलं की एका बाळाबद्दल ती छातीठोकपणे काही म्हणू शकत नाही. पण तिनं पुष्कळ बायकांची वार तपासली होती. ज्या घरांत डाग द्यायचं काम चालतं तिथल्या बायकांच्या वारेत कॅडमियम कितीतरी जास्त होतं. वार हे विष अडवायला बघते, ते स्वतःतच साठवून घेते, आणि मग बाळाला जे पोचवायचं तेच तिला नीट पोचवता येत नाही.

"आणि एवढंच नाही," अनुजा म्हणाली. "तुमच्याकडं पैंजणाचे साचे असतात ना? बाळाच्या अंगातही आईबापाकडून आलेले साचे असतात. त्यांना जनुकं म्हणतात. कॅडमियमनं साचा बदलत नाही. पण कुठला साचा कधी वापरायचा आणि कुठला मिटून ठेवायचा, याच्या खुणा त्यांच्यावर असतात. बाळाची वाढ सांभाळणाऱ्या जनुकांवरच्या खुणा या बायकांच्या वारेत बदललेल्या दिसल्या. ज्या वारेत कॅडमियम जास्त, तिथं जास्त."

पूर्णिमानं एवढंच विचारलं, "म्हंजे माझ्यात खोट न्हवती?"

"तुमच्यात काही खोट नव्हती आणि नाही."

पूर्णिमा उठून आत गेली आणि पदरात तोंड घालून रडली. गेल्या वर्षभरात ती अशी रडलीच नव्हती. बाहेर येताना मात्र तिचा चेहरा कोरडा होता. तिनं पुन्हा दिवस गेल्याचं अनुजाला सांगितलं आणि नवऱ्याला बजावलं की आजपासून या घरात हा डाग पेटणार नाही.

कृष्णातनं लगेच ज्योत बंद केली. पण त्याचं म्हणणं असं की तू आजऱ्याला जा, बाळंतपण होऊन ये. इथं आपण थांबलो तरी शेजारी थांबणार नाहीत, आणि धूर काय भिंतीला विचारून येत नाही. अनुजालाही ते पटलं. पूर्णिमाला पटलं नाही.

"मी जाईन की," ती म्हणाली. "पण शेजारच्या तेजस्वीला तिसरा म्हैना हाय. तिचं माहेर ह्याच गल्लीत हाय. तिनं कुठं जायाचं?"

शेवटी असं ठरलं की गल्लीतल्या ज्योती चालू असतील तोवर दिवसा पूर्णिमा आणि तेजस्वी दोघींनी गावाबाहेरच्या मळ्यातल्या घरात राहायचं, आणि तोवर कृष्णातनं दुसरा डाग शोधायचा.

कॅडमियम नसलेला डाग मिळत नव्हता असं नाही. अनुजानं हुपरीच्या एका जुन्या कारागिराला विचारून चांदी, तांबं आणि जस्ताचं प्रमाण आणून दिलं. अडचण वेगळीच होती. हा डाग वितळायला जास्त आच लागायची, आणि तेवढ्या आचेला पैंजणाची बारीक तारच आधी गळून जायची. कृष्णातनं कितीतरी कड्या जाळल्या. आक्का दारात उभी राहून म्हणायची की लेकानं चांगला चाललेला धंदा बायकोच्या नादानं घालवला.

पण कृष्णात हाडाचा कारागीर होता. हरणं त्याला आईच्या टोमण्यांपेक्षाही जास्त सलत होतं. त्यानं डाग पत्र्यासारखा ठोकून पातळ केला, त्याचे तिळाएवढे तुकडे कापले. डाग सांध्यात नीट पसरावा म्हणून लावतात तो टाकणखार जास्त लावून पाहिला. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण सवयीनं ज्योत सरळ सांध्यावर मारतोय. त्यानं कडी विटेवर ठेवली, आधी खालून वीट तापवली आणि ज्योत शेवटी, नुसती पुसल्यासारखी फिरवली. तिळाएवढा तुकडा पाण्याच्या थेंबासारखा चमकला आणि सांध्यात उतरला. तार तशीच राहिली. तो ती कडी घेऊन मळ्यापर्यंत पळत गेला. पूर्णिमानं ती दोन्ही हातांनी ओढली, दातात धरून ओढली, तेजस्वीलाही ओढायला दिली. सांधा सुटला नाही. तिघं वेड्यासारखी हसत सुटली.

पूर्णिमा आणि कृष्णातनं बोलावलं म्हणून पुढच्या रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात गाव जमलं. अनुजानं सगळं पुन्हा सांगितलं. पुरुष पुढं बसले होते, बायका मागं. बोलणं संपल्यावर आकाराम उठला. गावातला सगळ्यात मोठा कारखाना त्याचा. तो म्हणाला की असल्या गोष्टी बाहेर गेल्या तर गावाचं नाव जाईल, गिऱ्हाईक फिरकणार नाही. आणि इतकी वर्षं बायका हेच काम करतायत, पोरं होतातच की.

"समदी न्हाय होत," मागून आवाज आला.

आक्का उभी राहिली होती. तिला बोलावलंही नव्हतं आणि ती येईल असं पूर्णिमाला वाटलंही नव्हतं.

"कृष्णातच्या आधी माझी दोन गेली," आक्का म्हणाली. "दोन्ही वेळेला मला सांगितलं, तुझ्या कर्मानं गेली. मी मानलं. चाळीस वर्सं मानलं. माझ्या सुनंचं गेलं तवा मी बी तिला तेच सांगितलं. ते चुकलं माझं." तिनं मागं वळून पूर्णिमाकडं पाहिलं. "खोट हिच्यात न्हवती, माझ्यात बी न्हवती. त्या धुरात हुती."

बायकांच्या गर्दीतून एक उठली आणि म्हणाली, माझं बी एक गेलं. तिच्या शेजारची उठली. मग पलीकडची. कुणी मोठ्यानं बोललं नाही, कुणी रडलं नाही, नुसत्या उभ्या राहत गेल्या. पुढं बसलेले पुरुष वळून वळून बघत होते. त्यांच्याच घरातल्या बायका होत्या त्या, आणि हे त्यांनी असं एकत्र कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात कृष्णातनं खिशातून नव्या डागाचं पैंजण काढून आकारामच्या हातात दिलं. "काका, तोडा हे," तो म्हणाला.

आकाराम तरुणपणी तालमीत घुमलेला गडी. त्यानं पैंजण दोन्ही मुठींत धरून ओढलं. मानेच्या शिरा फुगल्या. पैंजण तुटलं, पण तुटली ती तार. सांधा जागचा हलला नव्हता. आकारामनं ते डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं, अंगठ्यानं चाचपलं. तो आडमुठा असला तरी जन्मभर चांदीत हात घातलेला माणूस होता.

"काम चोख हाय," तो अखेर म्हणाला. "माझ्या कारागिरास्नी शिकीवशील?"

"उद्यापासनं," कृष्णात म्हणाला.

मग जे झालं त्याला टाळ्या म्हणायच्या की आरडाओरडा, ते सांगता येत नाही. तेजस्वीनं पूर्णिमाला मिठी मारली. आक्का मंडपातून तडक घरी गेली, मागच्या खोलीची लावून टाकलेली खिडकी तिनं दोन्ही हातांनी ढकलून उघडली आणि उरलेला जुना डाग डब्यात भरून अनुजाच्या हवाली केला. घातक कचरा जिथं नीट ठेवतात तिथं अनुजानं तो पोचता केला. त्या आठवड्यात घराघरांतून तसे डबे निघाले. आकारामच्या कारखान्यात तर धूर बाहेर ओढणारे पंखेही बसले.

अनुजानं बायकांना खोटी आशा दाखवली नाही. अंगात मुरलेलं कॅडमियम जायला वर्षानुवर्षं लागतात, हे तिनं स्पष्ट सांगितलं. पण धूर बंद झाला की रक्तातलं उतरायला लागतं, हेही सांगितलं आणि ती रक्त तपासत राहिली. ते उतरत होतं.

तेजस्वीला मुलगा झाला. त्यानंतर थोड्या दिवसांनी पूर्णिमाला कळा सुरू झाल्या. आक्का तिच्याबरोबर कोल्हापूरला गेली आणि दवाखान्याच्या दारातून हलायला तयार नव्हती. मुलगी झाली. गुटगुटीत, भरल्या गालांची, आणि इतकी मोठ्यानं रडणारी की बाहेर उभ्या असलेल्या कृष्णातला नर्सनं यायच्या आधीच बातमी कळली. आक्कानं तिला हातात घेतलं, उचलून पाहिलं, पुन्हा उचलून पाहिलं.

"केवढी जड हाय गं," ती म्हणाली. या घरात नातवंडाबद्दल हे वाक्य पहिल्यांदाच बोललं जात होतं.

गावी परतताना गाडी वेशीवर थांबवावी लागली. गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका वाटेत उभ्या होत्या. कुणी भाकरतुकडा ओवाळत होतं, कुणी बाळाला बघायला नुसती मान पुढं काढत होतं. पूर्णिमा बाळाला घेऊन खाली उतरली आणि गाडीत परत बसलीच नाही. मान वर करून, सगळ्यांच्या मधून, ती घरापर्यंत चालत गेली.