उकळलेलं पाणी

सासऱ्यांनी निपाणीचा मिरचीपुडीचा कारखाना माझ्या हाती दिला, त्या आठवड्यातच मी पाण्याच्या पिंपाजवळच्या खिळ्यावरचा वेगळा पेला काढून टाकला. तो कुणासाठी, हे कुणी बोलत नसे. ठाऊक सगळ्यांना होतं. पॅकिंगची सुपरवायझर मैत्री, तिची आई तानीबाई वीस वर्षं त्याच पेल्यातून पाणी प्यायली होती.

मी एक लांब टेबल मांडलं. आता सगळे इथंच जेवतील, एकाच पिंपातलं पाणी पितील, असं सांगितलं. मैत्रीला बेळगावात दुसरी नोकरी मिळत होती. महिनाभर बघते, म्हणाली.

पहिल्या दिवशी मीही बसले. मी जैन, मला गाळून उकळलेल्या पाण्याचा नेम. म्हणून घरची बाटली पुढ्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी गिरणीवरच्या आण्णाप्पानं बाटली आणली. आठवड्यात टेबलावर अकरा बाटल्या झाल्या. पिंपाकडं मैत्री आणि तिच्या वस्तीतल्या चौघीच जात. आण्णाप्पाला मी विचारलं, तर तो हसला.

"वैनीसाब, तुमचा नेम हाय, तसा आमचाबी हाय म्हणा की."



महिना भरला आणि मैत्री राजीनामा घेऊन आली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"आक्का, पेला तुम्ही काढलासा, आई अजून सांगत असती. पण पैली बाटलीबी तुमचीच."

"माझं व्रत आहे गं."

"व्हय. पाणी उकळायचं व्रत. कुणी उकळायचं, त्येबी त्यात हाय काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बसदीत, आमच्या जैन मंदिरात, माळ ओढताना मन लागेना. सासूबाईंच्या शोधाच्या, म्हणजे सोवळ्याच्या, स्वयंपाकघराचा उंबरा कोण ओलांडत नाही, एवढंच आठवत राहिलं.

दुपारी मी शेगडी आणि गाळणीचं फडकं टेबलाशी नेलं. मैत्रीला म्हटलं, माझं पाणी तू उकळ.  तिनं पाणी गाळलं, उकळलं, निववून पेला माझ्यापुढं ठेवला. मी प्याले. सगळ्यांनी पाहिलं. आण्णाप्पा डबा उचलून बाहेर गेला, त्याच्यामागं तिघं.

मैत्री शेजारी बसली. हळूच म्हणाली, "हे घरी सांगणार काय, आक्का?"

माझ्या तोंडून लगेच हो निघालं नाही.

"मग तुम्ही घरी सांगेस्तवर राजीनामा तुमच्यापाशीच राहू दे," ती म्हणाली आणि डबा उघडला.