फय्याज कल्हईवाल्याची साक्ष

घरातली वस्तू हरवली की पहिला संशय घरातल्या माणसावर सहसा जात नाही. तो बाहेरून आलेल्यावर जातो, आणि त्यातही ज्याला उलट बोलायची सोय नाही अशा माणसावर. कामरगावच्या फय्याज कल्हईवाल्याच्या बाबतीत असंच झालं.

एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या दिवाळीआधी तो उदयसिंग पाटलांच्या अंगणात भाता लावून बसला होता. घरातली सगळी तांब्या-पितळेची भांडी त्यानं लख्ख करून दिली. संध्याकाळी देवघरातला चांदीचा गडू सापडेना. फय्याजची झडती झाली, त्याचं घर उलटंपालटं केलं. गडू मिळाला नाही. पुरावा नाही म्हणून पोलिसांनी त्याला सोडलं, पण गावानं सोडलं नाही. कामरगावात त्याच्याकडे कोणी पळीसुद्धा कल्हईला देईना.

तो कारंज्याकडच्या खेड्यांतून पायी फिरून पोट भरू लागला. त्याची बायको लतीफा पाण्याला गेली की बाया आपापले हंडे आवरून घेत. मुलीची, हुस्नाबानोची, सोयरीक दोनदा जुळली आणि दोनदा मोडली.

"हे गाव सोडू. मूर्तिजापूरले माह्या भावाजवळ राहू," लतीफा म्हणायची.

"आपन गेलो तं लोक म्हनतीन, चोर पयाला," फय्याज म्हणे. "मंग हे खोटं कायमचं राह्यते. खुदाच्या घरी देर हाये, अंधेर नाही."

हे ऐकून ऐकून लतीफाचे कान किटले होते. पहिली तीन वर्षं तिनं दुवा मागितली. पुढं मागणं थांबवलं. नमाज चुकवली नाही. पण आपलं कोणी ऐकतंय असं तिला वाटेनासं झालं.

अशी नऊ वर्षं गेली. मग एक दिवस पाटलांचं बोलावणं आलं. नवऱ्याबरोबर लतीफाही गेली. ओसरीखाली सोमला बसला होता. तो तांड्यावरचा बंजारा, घरोघर सरपण विकणारा. कुणाच्या खळ्यातली ज्वारी चोरल्याच्या संशयावरून त्याला धरून आणलं होतं.

"फय्याज," पाटील म्हणाले, "गडू गेला त्या दिशी हा सोमला लाकडं घेऊन आल्ता न? तू फक्त म्हन, याले देवघरातून निंघतानी पाह्यलं. तुह्या नावाचा डाग मी सोता चावडीवर पुसतो."

लतीफाला नऊ वर्षांनी सुटकेची वाट दिसत होती. ती नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "हो म्हना. तो तसाई धरल्या गेला हाये. एक शब्द तं बोलाचा हाये. पोरीचं लगन होईन."

फय्याजनं सोमलाकडं पाहिलं.

"पाटील, सोमला लाकडं टाकून अंगनातूनच वापस गेला. देवघराकडं गेलेला मी पाह्यला नाही. जे पाह्यलं नाही ते कसं सांगू?"

"इचार कर. असा मोका पुन्हा येनार नाही."

"मंग अजून थांबू. कोनी काई पाह्यलं नसतानी मले चोर केलं. तेच मी याच्या डोक्यावर ठेवू काय? उशीर कायले होते ते खुदाले मालूम. पन आज खोटं बोललो, तं तो गुन्हा माह्या नावचा होईन."

लतीफानं रागानं तोंड फिरवलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "सोमलाले जाऊ दे, उदयसिंग. गडू त्यानं बी नेला नाही अन् यानं बी नाही. म्या देल्ता, तुह्या बहिनीले."

पाटलांच्या आई, कस्तुराबाई, चौकट धरून उभ्या होत्या. भावाबहिणीचं वैर होतं. पाटलांनी बहिणीचं येणंजाणं बंद केलं होतं. तिचा नवरा अंथरुणाला खिळला, घरात दाणा उरला नाही, तेव्हा आईनं तिला चोरून गडू दिला. बोभाटा झाला तशा त्या मुलाच्या धाकानं गप्प बसल्या, आणि जितके दिवस गेले तितकं बोलणं कठीण होत गेलं.

"मले वाटे, लोक चार दिवसांत इसरतीन," त्या म्हणाल्या. "या मानसानं परक्यावर खोटा आळ घेतला नाही, अन् मी नऊ वर्सं तोंड शिवून बसली."

 दुसऱ्या दिवशी चावडीवर पाटलांनी सगळं सांगितलं. आवाज खाली गेला होता, तरी सांगितलं. सोमलाच्या ज्वारीचीही नीट चौकशी झाली. ती त्याला मजुरीत मिळालेली निघाली.

त्याच दिवशी घरी लतीफानं नवऱ्याला विचारलं, "तुमाले राग नाही आला कधी?"

"रोज आला. रोज खुदाच्या हवाली केला, अन् कामाले गेलो."

ती उठली आणि एकटीच तांड्यावर गेली. सोमला मोळी बांधत होता.

"भाऊ, काल मी त्यायले तुह्यं नाव घ्याले सांगत होती," ती म्हणाली. "मले माफ कर."

"आयकलं होतं म्या," सोमला म्हणाला. "बस, पानी पे."

लतीफा बसली आणि पाणी प्यायली.

वाचकहो, देवाच्या घरी उशीर का होतो, हे माणसाला कळत नाही. पण वाट पाहून थकलेला माणूस आपल्या डोक्यावरचं खोटं दुसऱ्याच्या डोक्यावर सरकवायला निघतो, हे आपण रोज पाहतो. देर त्याची असते; अंधेर मात्र आपण करतो.