निलोफरचा हात

मंगळवारच्या क्लासनंतर निलोफर बागवानचा उजवा हात माझ्याकडेच राहिला. खांद्यापासून बोटांपर्यंत अख्खा, पांढऱ्या बाहीसकट. रक्तबिक्त काही नाही. मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, तसाच धरून जिना उतरले आणि रिक्षात बसले.

आमचा जिउ-जित्सूचा, म्हणजे एका प्रकारच्या कुस्तीचा, क्लास कराडात टाइल्सच्या दुकानावर आहे. जिन्यात फायद्यांचा बोर्ड लावलाय. वजन उतरतं, बीपी ताब्यात राहतं, झोप लागते, आत्मविश्वास वाढतो. मी सेहेचाळिसाव्या वर्षी बीपीसाठी गेले, त्यात लाजायचं काय? तिथे नियम एकच. हरलं की समोरच्याच्या अंगावर दोनदा थापटायचं, त्याला टॅप म्हणतात. टॅप आली की त्या क्षणी सोडायचं. एवढ्याच भरवशावर आम्ही बायका एकमेकींच्या हाती आपापला गळा देतो.

निलोफरने टॅप केली आणि मी तिचा आवळलेला हात सोडला नाही. तिने पुन्हा केली.

"मला कळलीच नाही गं," मी नंतर म्हणाले. क्लास घेणाऱ्या लोहार सरांनाही तेच सांगितलं.

"होतं असं, हर्षदाताई," सर म्हणाले. "पुढच्या वेळी लक्ष ठेवा."

निलोफर डाव्या हाताने चपला घालून गेली.

घरी सासूबाईंनी ताट वाढलं होतं. "तो हात खाली ठेव नि जेव आधी."

"सुटत नाहीये, आई."

"कुणाचाय?"

"क्लासमधल्या मुलीचा. केक करते ती."

"तरीच व्हॅनिलाचा वास येतोय," त्या म्हणाल्या आणि मला आमटीभात भरवू लागल्या. तेवढ्यात निलोफरच्या हाताने माझ्या गळ्याखालच्या हाडावर दोनदा थापटलं. मग जरा थांबून पुन्हा दोनदा. ते काही थांबेना.

शाळेत मी आठवीला गणित शिकवते. हात धरूनच शिकवलं, फळ्यावर मुलींकडून लिहून घेतलं. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, शेजारणीने विचारलं, रिक्षावाल्यानेही विचारलं. सगळ्यांना मी सांगितलं की टॅप कळली नाही. दर वेळी सांगितलं की माझी मिठी थोडी आवळायची, आणि दर वेळी बोर्डावरचा एक फायदा मला लागू व्हायचा. दोन दिवसांत तीन किलो उतरले. डॉक्टर बीपी बघून म्हणाले, "वा, एकशे वीस-ऐंशी! काय करता हो तुम्ही?" झोप तर लाज वाटावी इतकी गाढ लागायला लागली. आत्मविश्वासाचं काय सांगू, शाळा तपासायला येणाऱ्या ज्या इन्स्पेक्टरसमोर माझी बोबडी वळायची, त्याला मी सरळ खुर्ची दाखवली. आणि छातीशी ते चालूच. टप टप. टप टप.

गुरुवारी एका मुलीची आई भेटली. म्हणाली, "बागवानबाईंनी ऑर्डरी घेणं बंद केलंय. डाव्या हाताने आयसिंगचं फूल जमत नाही म्हणे. लेकीच्या वाढदिवसाला आता कुठून आणू केक?"

मला फार वाईट वाटलं. इतकं, की जागच्या जागी रडू फुटलं. आणि रडत रडत मी काय म्हणावं? "खरंच कळली नाही हो मला." मिठी अशी आवळली की व्हॅनिलाचा वास थेट नाकात गेला.

शुक्रवारी निलोफर क्लासला आली. नव्या युनिफॉर्मची उजवी बाही सेफ्टीपिनने वर टाचलेली. नेहमीसारखी वाकून मॅटवर आली आणि माझ्यासमोर बसली.

"ताई, खेळू या?"

नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? सरांनी घड्याळ लावलं. निलोफर पाठीवर पडली आणि तिने दोन्ही पायांची कात्री माझ्या गळ्याभोवती घातली. छान घातली, तिचे पाय पहिल्यापासून चांगले. माझ्या कानांत घुमायला लागलं. टॅप करायला हात मोकळा हवा, आणि माझे दोन्ही हात छातीशी तिच्या त्या हाताभोवती आवळलेले. तोंडाने सांगितलेलंही चालतं, तेही नियमात आहे.

"कळली होती," मी म्हणाले.

"काय, ताई?"

"टॅप. पहिलीच कळली होती. दुसरीही कळली. आजवर माझ्यापुढे कुणी हरलं नव्हतं गं. मला अजून थोडं जिंकायचं होतं."

"मला माहीत होतं," निलोफर म्हणाली. तिचे पाय सैल झाले नाहीत.

माझी मिठी मात्र सुटली. माझे हात काठीसारखे ताठरून मॅटवर पडले, बोटही हलेना. तिचा हात छातीवरून घसरला, बाही सारखी करून तिच्या मांडीपर्यंत गेला आणि त्याने माझ्या वतीने दोनदा थापटलं.

निलोफरने मान उचलून आपल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टॅप तिला कळली होती.