चार गाण्यांच्या बैठका

कोंडिबा वस्ताद वाळत घातलेली बोरं हलवायला माळवदावर चढले, तेव्हा बोरांच्या कडेला चार मोठे सेल उन्हात ओळीनं मांडलेले दिसले. उतरलेले सेल उन्हात तापवले की आणखी दोन दिवस चालतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण वस्तादांच्या घरात रेडिओ नव्हता, आणि बॅटरी कधीचीच बिघडून पडली होती.

खाली येऊन त्यांनी बायकोला विचारलं, "वर सेल कुणाचे?"

मथुराबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही. "पोरांचे हायेत. ठिवा म्हणले, ठिवले."

"कोणच्या पोरांचे?"

"तुमच्याच. तालमीतल्या."

"तालमीत सेल कशाला लागतेत?"

बाईंनी तव्यावरची भाकरी नको तितक्या वेळा उलटली. चाळीस वर्षांच्या संसारात वस्तादांना एवढं नक्की कळलं होतं की, ही गप्प बसली म्हणजे हिला सगळं ठाऊक आहे.

दोन सालं पावसानं दगा दिला होता आणि गावची तालीम ओस पडली होती. निम्मी पोरं ऊस तोडायला ढोकीकडं गेली. राहिलेल्यांच्या घरचं दूध सकाळीच सोसायटीच्या डेअरीत जायचं, मग पैलवानकी कशाच्या जोरावर करायची? वस्तादांकडं उरली चार पोरं. तरी ते रोज पहाटे काठी टेकत जायचे, लाल माती उकरून सारखी करायचे आणि बैठकांची मोजणी घालायचे. एऽक, दोऽन, असा लांबवलेला ठाम आवाज. शंभर झाल्या की कोनाड्यात एक चिंचोका. शाळेची पायरी न चढलेली कितीतरी पोरं या तालमीत हजारापर्यंत मोजायला शिकली होती. मोजणीचा एक नेम होता. शेवटच्या पोराचे गुडघे सरळ झाल्याशिवाय पुढचा आकडा तोंडातून काढायचा नाही. "तयार पोरगं घडीभर थांबलं तर त्याचं काय झिजत न्हाय," ते म्हणायचे, "पण कच्चं पोरगं मागं राहिलं तर ते उद्या येत न्हाय."

आणि यंदा दिवाळीनंतर काय झालं कुणास ठाऊक, चाराची बावीस झाली. गुडघे धरले म्हणून वस्तादांनी तालमीची किल्ली नागप्पाकडं दिली होती. नागप्पा त्यांचा सगळ्यात विश्वासाचा चेला. गेल्या हंगामात कारखान्यावर ट्रॅक्टर चालवून आलेला, आता डेअरीत दूध मापायला बसायचा. वस्ताद पोचेपर्यंत पोरं घामानं निथळत असायची. ते बघून म्हाताऱ्याची छाती भरून यायची. डेअरीच्या ओट्यावर बसून ते चार माणसांत सांगायचे, "इद्या खरी असली की पोरं दुष्काळातबी येतेत." नळदुर्गच्या वस्तादाला त्यांनी निरोपही धाडला होता, की अणदूरच्या यात्रेत औंदा माझी अकरा पोरं उतरणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे वस्तादांनी काठी घरीच ठेवली, वहाणा हातात घेतल्या आणि रोजच्यापेक्षा आधीच निघाले. गल्लीच्या तोंडाला आबाराव पाराला टेकून बसला होता. काठीच्या आवाजावर कान ठेवायला बसवलेलं पोरगं. काठी वाजली नाही म्हणून ते पेंगतच राहिलं. वस्ताद त्याच्या पुढ्यातून गेले.

तालमीतून गाणं येत होतं. त्यात ढोलकी नव्हती, हलगी नव्हती. नळाच्या पाइपावर कुणी न चुकता ठोकत राहावं तसला ठोका, आणि त्यावर एक बाई हिंदीत काहीतरी गात होती. वस्तादांनी खिडकीतून बघितलं. बावीस डोकी एकदम खाली जात होती, एकदम वर येत होती. कोनाड्यात टेपरेकॉर्डर होता. चिंचोके एका रिकाम्या डब्यात भरून खाली ठेवले होते.

सवयीनं ते मोजू लागले. एका गाण्यात सत्तर. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या मोजणीवर ही पोरं एका दमात साठाच्या पुढं कधी गेली नाहीत.

ते आत आले. नागप्पानं बटण दाबून गाणं बंद केलं.

"किती झाल्या?" वस्तादांनी विचारलं.

"चार गाणी," मागून कुणीतरी म्हणालं. एकजण हसला आणि लगेच खोकला.

"म्या आकडा इचारतोय."

"आकडा मोजत न्हाय आमी," नागप्पा म्हणाला. "मोजलं की दम लागतोय, वस्ताद. गाण्यात कळत न्हाय."

"कवापासनं चाललंय?"

"दिवाळीपासनं."

"म्हंजी माझ्यासाठी कुणी येतच नव्हतं."

"तसं न्हाय. तुमी आल्यावर डाव शिकतोच की. पण आधी पोरं गोळा तर व्हाया पायजेत."

"आन मला सांगाया काय झालं हुतं?"

"तुमी बंद केलं असतं."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. वस्ताद म्हणाले, "माझ्या घरावर सेल तापत हुते, नागप्पा."

नागप्पानं मान खाली घातली. "काकूच म्हणल्या. लई सालानं ह्ये खुश हायेत, मोडू नगा म्हणल्या."

वस्तादांनी हात पुढं केला. नागप्पानं करदोट्याची किल्ली सोडून त्यांच्या तळहातावर ठेवली. वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं, असं वस्तादांना घरी जाताना वाटलं. मथुराबाईंना मात्र ते एका शब्दानं बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तालमीत चार पोरं आली. तीच, दिवाळीआधीची. वस्तादांनी चिंचोके डब्यातून काढून कोनाड्यात ठेवले. तेवढ्यात भिंतीपलीकडं डेअरीच्या आवारात बाकीच्या पोरांचा टेप सुरू झाला.

"तुमाला काय ऐकू येतंय का रं?"

"न्हाय, वस्ताद," चौघं म्हणाले.

त्यांनी मोजणी सुरू केली. सगळ्यात धाकटा वीरप्पा नऊ वर्षांचा, गुडघ्यात कच्चा; त्याच्यावर डोळा ठेवून ते आकडे काढत होते. चाळीसपर्यंत नेहमीसारखं चाललं. मग कसं कोण जाणे, आवाज हलका झाला. आकडे आपोआप पडू लागले, ओढावे लागेनात. कितीतरी दिवसांत मोजणी इतकी सुरेख जमली नव्हती. वस्तादांचे डोळे मिटले. सत्तर, एकाहत्तर, बाहत्तर.

"वस्ताद, थांबा की."

त्यांनी डोळे उघडले. वीरप्पा अर्ध्यात वाकला होता, हात गुडघ्यांवर, तोंडानं श्वास घेत.

वस्तादांनी मोजणी थांबवली. भिंतीपलीकडं ठोका चालूच होता, त्यांचा आवाज जिथं थांबला होता नेमका तिथूनच पुढं.

"कितीवर हुतास तू?"

"एकुणसत्तर."

वस्तादांनी खाली बघितलं. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा लाल मातीत अजून हलत होता. त्यांनी डावा पाय त्यावर ठेवून तो दाबून धरला, आणि वीरप्पाचे गुडघे सरळ होईपर्यंत सत्तर हा आकडा तोंडातच धरून ठेवला.