क्लेमबाबांची लाल मंजुरी

झेरॉक्सच्या दुकानामागची खोली माणसांनी खच्चून भरली होती. समोरच विम्याचं ऑफिस, पण तिकडे चिटपाखरू नव्हतं. सगळे इथे, क्लेमबाबांच्या पायाशी. बाबा वाटीतल्या पाण्यात हात 'पवित्र' करत, पुसत, क्लेमच्या कागदावर टेकवत आणि वरून पिवळं तीर्थ फवारत. की कागदावर लालभडक पंजा!

"वरून मंजुरी आली!" बाबा गर्जत. "आता खालच्या साहेबाची काय टाप!"

नाटकवाल्या बाई दिराच्या आग्रहाखातर आल्या होत्या. मागच्या महिन्यात भर दुसऱ्या अंकात नाट्यगृहाचा पाइप फुटला, रंगमंचाचं तळं झालं आणि प्रयोग बंद पडला. विम्याची भरपाई मिळाली नाही तर नाटक कंपनीला टाळंच लागणार होतं. पाइप फुटल्याचं मॅनेजरचं पत्र चपला झिजवून काल हाती आलं होतं, आणि क्लेमची मुदत आज संपत होती.

बाबांनी त्या पत्रावर पंजा उमटवला आणि ते आसनाखाली सरकवलं. "आठवडाभर इथेच मुरू दे."

"अहो, मुदत आजची आहे!"

"मुदती माणसांच्या असतात, ताई."

शेजारी बसलेले एक म्हातारे बँडवाले पुटपुटले, "माझाही कागद असाच मुरला. ऑफिसवाले म्हणाले, उशीर झाला. बाबा म्हणाले, श्रद्धा कमी पडली."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी आसनाखालून डोकावणाऱ्या पंज्याकडे पुन्हा पाहिलं. हा लाल रंग त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. नाटकातल्या पांढऱ्या अंगरख्यावर हळद सांडली आणि त्याला साबण लागला की हाच रंग चढे. नवा धोबी दरवेळी धावत येई, "बाई, रक्त लागलंय!"

त्यांनी सरळ बाबांच्या वाटीत हात घातला. पाणी बुळबुळीत होतं.

"वहिनी, कोप होईल!" दीर ओरडला.

"होऊ दे की!"

दुकानाच्या रद्दीतून त्यांनी एक कागद ओढला. हरवलेल्या मांजराची जाहिरात होती. त्यावर हात दाबला, तीर्थ फवारलं. लालभडक पंजा.

"घ्या, मांजरही मंजूर!"

खोलीत हशा पिकला. बाबांचा चेहरा उतरला.

"वाटीत धुण्याचा सोडा, बाटलीत हळदीचं पाणी. दोन्ही भेटले की लाल होतात. चमत्कार कसला डोंबलाचा!" बाई कडाडल्या. "तुमचं नुकसान खरं आहे ना? मग पुरावा घ्या, वेळेत जा, हक्कानं मागा. नाही म्हणाले तर कारण विचारा, भांडा. पण आपली अक्कल ह्याच्या आसनाखाली मुरत ठेवू नका!"

"तुझा क्लेम बुडणार!" बाबा किंचाळले.

"बुडवत तर तुम्हीच होतात."

बाईंनी आसन खस्सकन ओढलं. खाली कागदांची चळत होती. लोक त्यावर तुटून पडले. आपलं पत्र घेऊन बाई रस्ता ओलांडून गेल्या. मागोमाग बँडवालेही निघाले, उशिराचं कारण लेखी द्यायला.

खिडकीतल्या कारकुनानं चष्मा खाली केला. "हा लाल पंजा कसला?"

"हळदीचा डाग आहे," बाई म्हणाल्या. "मजकूर स्वच्छ दिसतोय, तो वाचा. आणि पोच द्या."