खोडणारी कळ

वीरभद्रप्पा साहेबांनी दोन छापील याद्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि विशाखाच्या यादीवर बोट दाबलं.

"व्यंकटच्या यादीत ए, बी, सी अक्षरं हायत. तुमच्या यादीत एकबी न्हाई. कामून?"

बीदरच्या त्या पुनर्वसन कार्यालयात कॉम्प्युटर येऊन चार महिने झाले होते. युनिक्स या प्रणालीवर चालणारी दोन टर्मिनल होती. एकावर जुना कारकून व्यंकट बसे, दुसऱ्यावर विशाखा. तलावात गाव गेलेल्या कुटुंबांना मुडबीजवळ घरासाठी जागा मिळाल्या होत्या. रजिस्टरात कल्लप्पाची जागा ए#७, अमृतप्पाची बी#७, नागूबाईची सी#७. विशाखाच्या यादीवरून छापून वाटलेल्या चिठ्ठ्यांवर मात्र तिघांनाही नुसता सात आला. नागूबाईनं आधी जाऊन रस्त्याकडच्या ए भागातल्या सातवर गुडघाभर भिंत उचलली. काल कल्लप्पा तिथं कुऱ्हाड घेऊन उभा राहिला.

नागूबाई विशाखाची सख्खी आत्या होती.

"मी अक्षरं टाकली होती, साहेब. स्क्रीनवर दिसत होती."

"मग कागदावर का न्हाईत? आपल्या माणसाला रस्ता द्यायला पोरीनं अक्षरं गाळली म्हणायलाय कल्लप्पा. दाराशीच उभा हाय. चारला माझा रिपोर्ट वर जाणार."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते.

विशाखा टर्मिनलसमोर बसली. पहिलीच कळ चुकीची दाबली गेली. तिनं मागं जाण्याची कळ दाबली. नेहमीप्रमाणे अक्षर गेलं नाही, उलट भलतीच खूण उमटली. पहिल्या दिवसापासून हे असंच होतं, म्हणून ती सावकाश टाईप करायची आणि चुकलं तर अख्खी ओळ पुन्हा लिहायची.

तिचा हात थांबला. ही कळ खोडत नाही. मग खोडतं कोण?

तिनं कपाटातलं जाडजूड माहितीपुस्तक काढलं. व्यंकट मागं येऊन उभा राहिला.

"काय शोधायलीस?"

"तुला मागं खोडता येतं?"

"व्हय की. इंजिनियरनं माझ्या लॉगिनला ते बसवून दिलंय."

"माझ्या न्हाई."

पान सापडलं. खोडण्यासाठी कुठलीच कळ ठरवून दिली नसेल, तर # ही खूणच आधीचं अक्षर खोडते. स्क्रीनवर दोन्ही दिसत राहतात. साठवताना दोन्ही जातात. तिनं ते दोनदा वाचलं.

"साहेब, एकदा तुमीच टाईप करा."

साहेबांनी एका बोटानं बी, मग #, मग सात दाबलं. स्क्रीनवर तिन्ही दिसली. प्रिंटर करकरला. कागदावर नुसता सात. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा सात. कल्लप्पा आत आला होता. तो कागदाकडे पाहत राहिला.

विशाखानं एका ओळीची आज्ञा देऊन खोडण्याचं काम मागच्या कळीकडे सोपवलं आणि खुर्ची सोडली. साहेब परत बसले. या वेळी कागदावर बी#७ आलं.

साहेबांनी तयार ठेवलेला रिपोर्ट फाडला.

"विशाखाबाई, तुमची चूक नव्हती. तसं लिहून काढा, मी सही करतो."

व्हरांड्यात आत्या भिंतीला टेकून बसली होती. विशाखानं तिला सांगितलं: आपली जागा मागं, नाल्याकडं.

"पाडते भिंत," आत्या म्हणाली. "पर मी चिठ्ठी तुला दावली व्हती की गं. अक्षर न्हाई म्हणून तूच म्हणालीस. मग म्हणालीस, रस्त्याकडची धर, कोण इचारतंय."

विशाखानं मागं वळून पाहिलं. जवळ कुणी नव्हतं.

"मी कुणाला सांगत न्हाई," आत्या हळूच म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

विशाखा आत आली. साहेबांनी सांगितलं होतं तसं तिनं सगळं टाईप केलं. मग आणखी दोन ओळी लिहून कागद छापला आणि साहेबांच्या टेबलाशी गेली. त्यांनी पेनचं टोपण काढलं होतं.

"साहेब, सही करण्याआधी खालच्या दोन ओळी वाचा."